पेन्सिलची खिडकी

आमच्या आत्याच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला एक खिडकी आहे. पेन्सिलने काढलेली. दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, मधोमध एक उभी रेघ. घराला रंग द्यायचा झाला की मी रंगाऱ्याला आधी सांगते, "दादा, ही मापं लिहून घ्या, रंग वाळला की परत काढायचीय." रंगारी माझ्याकडे बघतो. मी छताकडे बघते.

खरं म्हणजे एक नाही, तीन खिडक्या आहेत. पहिली आत्यानं घर घेतलं त्या वर्षीची, उभ्यानं बाहेर बघता येईल अशी. दुसरी तिचे गुडघे गेले तेव्हाची, खुर्चीत बसून बघायची. तिसरी दोन वर्षांपूर्वीची, पलंगावर उशीला टेकलं की नजर जाईल तिथं. नवी काढली की जुनी रंगाखाली जाते, पण पुरती जात नाही. नीट पाहिलं तर पुसट रेघा दिसतात. खिडकी आत्याबरोबर खाली येत गेली, एवढाच त्याचा अर्थ.

भिंतीच्या पलीकडे रस्ता आहे आणि रस्त्याच्या पलीकडे प्रसूतिगृहाचं फाटक. तिथं आत्यानं चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळ कुठं होता? लोकांची पोरं बाहेर काढता काढता केस पांढरे झाले." मला मात्र तिनंच वाढवलं, आणि हे घर तिनं स्वतःच्या कमाईवर घेतलं, फाटकासमोर आहे म्हणून.

"आत येणाऱ्या सगळ्या मी पाहिल्या," ती म्हणते. "कण्हत येतात, नवऱ्याला शिव्या देत येतात. पण बाळ घेऊन बाहेर पडतात ना, ते मी धड कधी पाहिलंच नाही. माझी ड्युटी आत."

"मग पाय चालत होते तेव्हा फाटकाशी जाऊन उभी का नाही राहिलीस?"

"राहिले की! लोक म्हणायचे, बरं झालं सिस्टर भेटलात, जरा आत सांगा ना. की मी परत आत."

त्या भिंतीत एक खिडकी, याशिवाय तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. आणि तेवढीच तिला मिळत नव्हती, का, तर कागदावर ते घर तिचं नव्हतं.

मी दस्त लिहिते. नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात जिन्याजवळ माझं टेबल आहे, अर्धं पंख्याच्या वाऱ्यात आणि अर्धं उकाड्यात. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी, भाडेकरार, जे म्हणाल ते. सव्वीस वर्षं मी लोकांची घरं त्यांच्या नावावर करून देते आहे, आणि मी राहते त्याच घराचा कागद चुकीचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. व्हरांड्यातले बाकीचे दस्तलेखक यावरून मला चिडवतात आणि मी चिडते. मला चिडायला फार काही लागत नाही.

चूक बेचाळीस वर्षांपूर्वीची आहे. गल्लीत सात घरं, भिंतीला भिंत लावून एका ओळीत. विकणाऱ्यानं ती रस्त्याकडून मोजली: आत्याचं पहिलं, आणि अगदी आतलं, गोदामाजवळचं, कुलूपवाल्याचं सातवं. दारांवर पाट्याही तशाच लागल्या. पण सरकारी मोजणीदार आला होता त्या दिवशी गल्लीचं रस्त्याकडचं तोंड गटारासाठी खणलेलं होतं. त्याचे बूट नवे होते म्हणे. तो वळसा घालून गोदामाच्या बाजूनं शिरला आणि तिकडूनच मोजायला लागला. एक, दोन, तीन. झालं. नकाशावर आत्याचं एक नंबरचं घर गेलं गोदामाजवळ, आणि कुलूपवाल्याचं सात नंबर आलं रस्त्यावर. दुसऱ्याचं सहाव्याशी बदललं, तिसऱ्याचं पाचव्याशी. त्या नकाशावरून सातही जणांचे दस्त झाले. राहायचं एका घरात आणि मालकी दुसऱ्या घराची.

याहून मोठी गंमत पुढं आहे. मंजूर नकाशात एक नंबरच्या मोकळ्या भिंतीला खिडकी होती. म्हणजे आत्याला खिडकी मिळणारच होती. पण गवंडी निघाला नकाशा बघून काम करणारा, आमचं दुर्दैव. त्यानं ती नकाशातल्या एक नंबरला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला कुलूपवाल्याच्या घरात बसवून दिली.

कुलूपवाला बिचारा सज्जन माणूस. ती खिडकी स्वतःची आहे असं तो कधी म्हणाला नाही. "सिस्टर, या ना, तुमच्या खिडकीत बसा घटकाभर," असं तो दर सुट्टीच्या दिवशी म्हणतो. आत्या दोनदा गेलीही. त्या खिडकीतून गोदामाची पाठ दिसते, एक पाइप दिसतो, आणि नशीब असेल तर पाइपावर मांजर.

नगरपालिकेत मी खिडकीचा अर्ज घेऊन गेले तर खिडकीवरचा माणूस (त्याला होती खिडकी!) म्हणाला, "बाई, ही भिंत कागदावर सात नंबरवाल्यांची आहे. त्यांना अर्ज करू द्या." कुलूपवाल्यानं आनंदानं अर्ज केला. तपासनीस आला. तो कुणाकडे जाणार? अर्जदाराच्या पत्त्यावर. कुलूपवाल्याच्या घरात शिरला, भिंत बघितली आणि लिहून गेला: 'सदर भिंतीस खिडकी आधीच आहे. अर्ज निकाली.' तो कागद मी जपून ठेवलाय. मन फार खट्टू झालं की वाचते.

एकदा मी वैतागून म्हटलं, "मी आत्ताच्या आत्ता गवंडी बोलावते. भिंत फोडू. कोण विचारतंय?"

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सात वर्षांची झाले.

"मला चोरून उजेड नको," ती म्हणाली.

बरं, सरळ मार्गानं दुरुस्ती करावी, तर जुना नियम असा होता की एकाची नोंद सुधारायची तर शेजाऱ्याची आधी बरोबर हवी. शेजाऱ्याची सुधारायची तर त्याच्या शेजाऱ्याची. सातजण एकमेकांच्या मागं उभे आणि पुढं कुणीच नाही, असली ती रांग. नाहीतर मग कोर्ट. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि आत्या शहाणी आहे.

यंदा नियम बदलला.

परिपत्रक व्हरांड्यातल्या फळ्यावर लागलं. मी ते उभ्यानं वाचलं, पुन्हा उभ्यानं वाचलं, आणि तिसऱ्यांदा खुर्ची ओढून बसून वाचलं. सव्वीस वर्षांत शेकड्यांनी परिपत्रकं वाचली असतील, पण डोळ्यांत पाणी आणणारं हे पहिलंच. एका ओळीतली सगळी घरं आता एकाच अर्जावर, एकाच दिवशी दुरुस्त होणार. कोण कुठं राहतो ते राहणाऱ्यांनी एकत्र सांगायचं, अधिकाऱ्यानं स्वतः जागेवर येऊन बघायचं, आणि सगळ्यांच्या नोंदी एका दमात सुधारायच्या. मुदत नव्वद दिवस, त्यातले जवळजवळ दोन महिने परिपत्रक आमच्या फळ्यापर्यंत पोचण्यातच गेलेले. अट एकच: ओळीतली एकही सही कमी नको.

नोंदणी अधिकारी नवीन आल्या होत्या. वयानं माझ्या मुलीसारख्या, पण पर्समध्ये मोजायची टेप बाळगणाऱ्या. मी त्यांना बूट, गटार, गवंडी, मांजर, सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकवून हसल्या.

"सॉरी हं," डोळे पुसत म्हणाल्या. "पण तुमची गल्ली पहिली नाही. अर्ध्या शहराचं असंच काहीतरी आहे. मला तुमच्यासाठी शेवटच्या दिवसाचीच तारीख आहे. चालेल?"

चालेल म्हणजे काय! मी घरी पळत आले. या वयात.

सहा सह्या तर दोन दिवसांत ठरल्या. कुलूपवाला म्हणाला, "आत्ता करू का? कुठं करू? हातावर करू?" तीन नंबरचे ड्रायव्हिंग स्कूलवाले, दोन नंबरचे बेकरीवाले, पाच आणि सहा नंबरच्या दोघी बहिणी, सगळे एका पायावर तयार. घोडं पेंड खात होतं ते चौथ्या घराशी.

चौथ्या घरात गणिताचे निवृत्त मास्तर राहतात. दर तीन वाक्यांनंतर त्यांचं एक "बरोबर?" येतं, म्हणून सगळी गल्ली त्यांना बरोबरमास्तर म्हणते. आता सातातलं चौथं घर कुठूनही मोजा, चौथंच. रस्त्याकडून आलात तरी मधलं, गोदामाकडून आलात तरी मधलं. म्हणजे अख्ख्या गल्लीत ज्यांचा कागद बरोबर असा एकच माणूस, आणि तोही नेमका हाच. त्यांनी दस्ताची प्रत फ्रेम करून दिवाणखान्यात लावली होती. पाहुणा आला की आधी फ्रेम दाखवायची, मग पाणी विचारायचं.

मी अर्ज घेऊन गेले. मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"इथं लिहिलंय, 'आम्ही सह्या करणारे प्रत्येक जण जाहीर करतो की आमच्या मालमत्तेच्या नोंदीत चूक आहे.' प्रत्येक जण?"

"छापील आहे, मास्तर."

"पण माझ्या नोंदीत चूक नाही."

"नाहीच. सगळ्या जगाला माहीत आहे. पण सही करा."

"म्हणजे खोटं लिहून देऊ?"

"लिहू नका. नुसती सही करा."

"म्हणजे खोट्याखाली सही. ते तर आणखी वाईट. बरोबर?"

मी अधिकारीबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, छापील मजकुरातला शब्दही मला बदलता येत नाही, वर लिहून विचारते. उत्तर कधी येणार? सरकारी काम आणि सहा महिने थांब. आमच्याकडे उरले होते एकोणतीस दिवस.

त्या एकोणतीस दिवसांत आम्ही मास्तरांना काय काय सांगून बघितलं! बेकरीवाल्यांनी बिस्किटं पाठवली. मास्तरांनी खाल्ली, छान आहेत म्हणाले, सही नाही. ड्रायव्हिंगवाल्यांनी फुकट गाडी शिकवायची तयारी दाखवली. कुलूपवाला म्हणाला, मास्तर, मी तुमच्या पाया पडतो. मास्तर म्हणाले, पडा, पण त्यानं विधान खरं होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी जाऊन भांडले. फार बोलले. म्हटलं, तुमची दोन्ही मुलं आत्याच्या हातावर जन्मली, आणि ती म्हातारी पेन्सिलच्या रेघांकडे बघत बसलीय. तुमच्या खरेपणाला काय चाटायचंय?

मास्तरांचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढला नाही.

"चाळीस वर्षं वह्या तपासल्या," ते म्हणाले. "चूक नसताना कुणाच्या वहीवर मी लाल रेघ मारली नाही. एकदाही नाही. आता स्वतःच्या वहीवर मारू? सिस्टरसाठी मी काहीही करीन हो. पण हे सोडून काहीतरी सांगा."

उत्तर सुचलं नाही की मी दार आपटते. दार त्यांचं होतं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्या बायकोची, काकूंची, माफी मागावी लागली.

आत्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा वाटलं, ती खचेल. ती म्हणाली, "मास्तर चांगला माणूस आहे. सही घेऊन येणारी बाई भांडकुदळ आहे."

शेवटचा दिवस उजाडला. अधिकारीबाई साडेदहाला आल्या, एकट्याच. गल्ली आधीच बाहेर उभी. कुलूपवाल्यानं दुकान बंद ठेवलं होतं आणि टेपचं दुसरं टोक धरायचा मान पटकावला होता. मोजणी झाली, पाट्या बघून झाल्या, प्रत्येकानं आपल्या दाराशी उभं राहून, आत्यानं पलंगावरूनच ओरडून, "मी इथं राहतो" असं सांगितलं. बहिणींपैकी धाकटी तर दोनदा म्हणाली, पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल म्हणून. मास्तरही म्हणाले, "मी इथं राहतो, आणि माझा कागद बरोबर आहे." मग सह्या सुरू व्हायच्या, तर सगळे मास्तरांकडे बघायला लागले.

इतक्यात आत्याची हाक आली. ती पलंगावरून उतरून खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, पायांत ड्युटीवरचे जुने पांढरे बूट.

"मला मास्तरांकडे न्या."

"विनवायला?" मी तिच्या खुर्चीचा हात धरला. "आत्या, तू नको ना विनवूस."

"विनवायला कशाला? चहा प्यायला. काकू चहा चांगला करतात."

कुलूपवाला आणि ड्रायव्हिंगवाले यांनी खुर्ची उचलली. ड्रायव्हिंगवाले सवयीनं सूचना देत होते, "हळू, हळू, पुढं पायरी आहे, डावीकडे घ्या." "ब्रेक लावा," आत्या म्हणाली, आणि मास्तरांच्या दिवाणखान्यात खुर्ची टेकली. मागोमाग अधिकारीबाई, आणि मी. बाकीची गल्ली दारात.

अधिकारीबाई मास्तरांशी फार अदबीनं बोलल्या. त्यांनी सांगितलं की मजकूर त्यांना बदलता येत नाही आणि खोटी सही करा असंही त्या म्हणणार नाहीत. "फक्त मला एकदा समजावून सांगा, तुमचा कागद बरोबर कसा?"

मास्तर खुलले. समजावून सांगा म्हटल्यावर कुठला मास्तर खुलणार नाही? एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. लांब ट्रे, त्यात सात कप एका ओळीत, आणि काकूंची शिस्त अशी की सगळ्या कपांचे कान एकाच बाजूला, दाराकडे.

"थांबा!" मास्तर म्हणाले. "कुणी कप उचलू नका. हे बघा, ही आपली गल्ली. हा दाराकडचा कप म्हणजे रस्त्याकडचं घर, सिस्टरचं. हा कपाटाकडचा म्हणजे कुलूपवाल्याचं. मोजणीदार उलट्या बाजूनं आला, म्हणजे त्याची गल्ली अशी झाली." त्यांनी ट्रे धरून अर्धा गोल फिरवला. चहा थोडा सांडला. "आता बघा. पहिला कप गेला शेवटी, शेवटचा आला पुढं. सगळे हलले. आणि मधला? जिथल्या तिथं! इकडून चौथा, तिकडून चौथा. चूक कुठं आहे? नाही. बरोबर?"

"बरोबर," अधिकारीबाईंना म्हणावं लागलं.

आत्या पुढं वाकून कपांकडे बघत होती. जन्मलेल्या पोराची बोटं मोजतात तसं बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "कप जागेवर आहे. कान फिरला."

"काय फिरलं?"

"कान. मघाशी तुमच्या कपाचा कान दाराकडे होता. आता कपाटाकडे आहे."

"अहो सिस्टर, कानाचा इथं काय संबं..."

आणि ते थांबले. तोंड उघडंच राहिलं. मास्तरांनी ट्रे हळूच परत फिरवला. कान दाराकडे. पुन्हा फिरवला. कान कपाटाकडे. मग ते उठले, भिंतीवरची फ्रेम काढली, आणि बेचाळीस वर्षांत हजार वेळा लोकांना दाखवलेला कागद बहुधा पहिल्यांदाच वाचला.

"पूर्वेस घर क्रमांक पाच," ते मोठ्यानं वाचू लागले. "पश्चिमेस घर क्रमांक तीन."

फ्रेम हातात घेऊन ते बाहेर पायरीवर गेले. दारातली गल्ली दोन्हीकडे सरकली. मास्तरांनी पूर्वेकडे, रस्त्याच्या दिशेला बघितलं. तिकडे ड्रायव्हिंग स्कूलचा भलामोठा बोर्ड, आणि त्याखाली तीनची पाटी. पश्चिमेकडे बघितलं. तिकडे बहिणींच्या दारावर पाच. घर त्यांचंच होतं, नंबर त्यांचाच होता, पण दोन्ही बाजूंचे शेजारी कागदावर उलटे बसले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली. कारण दस्तात पहिल्यांदा लिहितात त्या घराच्या चार बाजू, आणि सव्वीस वर्षं त्याच लिहून पोट भरणारी ही बाई ती फ्रेम पाचशे वेळा बघून गेली होती. मास्तर एकटे नव्हते.

मास्तर आत आले. त्यांचा चेहरा बघून मी घाबरले. या वयात माणसाच्या अंगावर एवढी चूक एकदम पडली तर काय होईल सांगता येत नाही. ते खुर्चीत बसले, फ्रेम मांडीवर ठेवली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते.

"चूक आहे!" ते ओरडले. "अहो, चूक आहे! सुंदर चूक आहे! अहो ऐकलंत का, आपल्यात चूक आहे!"

"मला लग्नापासून माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि सांडलेला चहा पुसायला लागल्या.

त्यानंतर जो गलका झाला तो मला नीट सांगता येणार नाही. कुलूपवाला ड्रायव्हिंगवाल्यांच्या गळ्यात पडला. बहिणी अधिकारीबाईंच्या गळ्यात पडल्या. मी कुणाच्या गळ्यात पडले ते आठवत नाही, पण माझ्या खांद्याला नंतर बेकरीचं पीठ होतं. अर्ज पुढं आला तशी मी तो सवयीनं आत्याकडे सरकवला, पहिलं घर म्हणून. मास्तरांनी मधेच हात घातला.

"नाही. माझी चूक सगळ्यांत अवघड आहे. मी पहिला."

त्यांनी छापील ओळ मोठ्यानं वाचली, 'आमच्या मालमत्तेच्या नोंदीत चूक आहे', खिशातून लाल पेन काढलं, अधिकारीबाईंनी ते हळूच काढून घेऊन निळं दिलं, आणि त्यांनी सही केली. मग आत्यानं. तिची सही मी हजारदा पाहिली आहे, पण ती इतकी सावकाश कधी केली नव्हती तिनं. सात सह्या व्हायला सहा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते.

नवे कागद तीन आठवड्यांनी आले. आत्यानं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतले. "घर क्रमांक एक. पूर्वेस सार्वजनिक रस्ता." "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. तेवढं एकच वाक्य चार वेळा.

खिडकीच्या परवानगीसाठी नकाशा लागतो. तो काढायला मास्तर स्वतः आले, पट्टी आणि कंपास घेऊन, आणि भिंतीजवळ वाकून रेघा पाहू लागले.

"सिस्टर, इथं तर तीन खिडक्या आहेत."

"खालची घ्या. वरच्या जुन्या झाल्या."

"जुन्या झाल्या तरी त्या चुकीच्या नाहीत," मास्तर म्हणाले. त्यांनी तिन्ही मोजल्या, खालच्या चौकटीपासून सगळ्यांत वरच्या रेघेपर्यंत एकच उंच खिडकी काढली, आणि रुंदी तीच ठेवली. उशीवरून बघा, खुर्चीतून बघा, उभं राहून बघा. नगरपालिकेचा तपासनीस या खेपेला आमच्या दारात आला, भिंत पाहिली, आणि लिहून गेला: 'सदर भिंतीस खिडकी नाही.' इतकी गोड ओळ मी कुठल्या दस्तात लिहिलेली नाही.

गवंडी आला तेव्हा म्हणाला, "मापं?"

"भिंतीवर आहेत," आत्या म्हणाली.

सकाळी आठला पहिला घाव पडला. आत्याचा पलंग आम्ही खोलीच्या मधे ओढला होता आणि तिच्या डोक्यावरून चादर घातली होती. ती सारखी चादर बाजूला करत होती. दारात गल्ली जमली होती, मास्तर गवंड्याला ओळंबा नीट धरायला सांगत होते आणि गवंडी त्यांच्याकडे दुर्लक्ष करत होता. अकराच्या सुमाराला मधली वीट बाहेर पडली आणि उजेडाचा एक तुकडा आत्याच्या पांघरुणावर आला. आत्यानं त्यावर हात ठेवला. मी रडले. चिडायला मला फार लागत नाही म्हटलं ना, रडायलाही लागत नाही.

दुपारपर्यंत भोक खिडकीएवढं झालं. चौकट अजून बसायची होती, कडा ओबडधोबड, सगळीकडे धूळ. पण आम्ही पलंग परत जागेवर लोटला आणि आत्या उशीला टेकली. समोर फाटक, बाहेर एक रिकामी गाडी, फाटकावरचा पहारेकरी जांभई देत होता. आत्या बघत राहिली. मी विचारलं, "दिसतंय ना नीट?" ती "हूं" म्हणाली.

मग फाटकातून दोघं बाहेर आली. ती हळूहळू पावलं टाकत, आणि तो पोरगा काच घेऊन चालावं तसा, दोन्ही हातांत गुंडाळलेलं बाळ. गाडीपाशी येऊन तो थांबला. दार उघडायला हात मोकळा नाही, बाळ खाली ठेवता येत नाही, बायको हसायला लागलेली. बाळाच्या डोक्यावरचं कापड सरकलं होतं.

"अरे, डोकं झाक त्याचं!" आत्या ओरडली. चौतीस वर्षं वॉर्डभर घुमलेला आवाज तो, रस्ता त्याला काय थोपवणार! "वारा आहे! आणि मान धर, मान!"

तो दचकला. इकडंतिकडं बघू लागला. शेवटी भिंतीतल्या भोकात त्याला एक पांढरं डोकं दिसलं, आणि त्यानं मुकाट्यानं बाळाच्या डोक्यावरून कापड ओढलं, मानेखाली हात घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं बाळ थोडं वर उचलून आमच्या दिशेला धरलं. दाखवल्यासारखं.

आत्यानं बघितलं. पोटभर बघितलं. गाडी गेली तरी बघत होती.

"एक," ती म्हणाली.

"बरोबर," मागून मास्तर म्हणाले.